शिवलेली आठ पानं

तोआ पायोह, सिंगापूर
६ ऑगस्ट २०१६

प्रिय सुलेखा,
स. न. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. अनघाच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. सूनबाई महिनाभर तरी मुंबईत आईजवळ राहील, म्हणजे तोवर नातीची शाळा, डबा आणि वेण्या माझ्याकडे. जाई दहा वर्षांची झाली. मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, शेवटी एक ‘लाह’ लावून. पदार्थावर कोथिंबीर घालावी तसा.

तुझ्या भाषणासाठी तू सांगितलेलं पुस्तक आठवणीने आणलं आहे. मंदीच्या काळातल्या अमेरिकन कादंबऱ्यांनी कामकरी माणूस कसा रंगवला हे तू निवृत्त प्राध्यापकांच्या मंडळाला सांगणार, आणि त्यासाठी साठवणीतलं पुस्तक माझं. नणंद झालीस तरी बाकावरची सवय गेली नाही. अजून तसंच आहे ते. सिस्टर कॉन्स्टन्सनं घातलेलं खाकी कव्हर, पुढची पानं गळलेली, त्यामुळे लेखकाचं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. ती त्याला ‘माझ्या गावचं पुस्तक’ म्हणायची. आणि शेवटची आठ पानं कडेने काळ्या दोऱ्यानं शिवलेली, एकवीस टाके, तिच्या हाताचे बारीक. मुलींनी वाचण्यासारखं नाही म्हणून तिनं शिवलं आणि मी एकोणपन्नास वर्षं वाचलं नाही. तू हसशील. पण सिस्टरनं शिवलेलं आपण उसवावं असं मला कधी वाटलंच नाही.

पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे. कापड गिरणीचं गाव, दारावरची फळी, तिच्यावरच्या खिळ्यांना प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला. आणि आपला एमिल मुकादम, ज्याला वरून यादी येते आणि जो त्या त्या माणसाचा बिल्ला खिळ्यावरून काढून तंबाखूच्या डबीत टाकतो. वाचताना शाळेच्या वसतिगृहाचा व्हरांडा आठवतो. टोकाला सिस्टरची खोली, संध्याकाळी दार सताड उघडं टाकून बसलेली ती, उकाडा सोसत नाही म्हणून, आणि आपण पाय न वाजवता समोरून जायचो.

प्रतापची मात्र काळजी वाटते. तो हार्बरफ्रंटला त्या जहाजांच्या कंपनीत ऑफिस सांभाळतो हे तुला माहीत आहेच. तेलाचे भाव पडल्यापासून जहाजं नुसती उभी आहेत. एकतीस माणसांना काढलं, आणि त्यांना बोलावून सांगायचं, गळ्यातलं कार्ड परत घ्यायचं काम प्रतापवर आलं. हे त्यानं मला सांगितलं नाही. फोनवर अनघाला सांगताना ऐकलं. जेवतो थोडं, बोलतो त्याहून थोडं. त्याचे बाबा असते तर त्याला बाहेर फिरायला तरी घेऊन गेले असते.

काल माझी एक फजिती झाली, ती वाचून तुझी करमणूक होईल. इथल्या चिनी लोकांचा पितरांचा महिना चालू आहे. खाली इमारतींच्या पायथ्याशी लोक कागदाचे शर्ट, कागदाचे बूट, कागदाचे मोबाइल जाळतात, गेलेल्यांना मिळावेत म्हणून, आणि त्याची राख नवव्या मजल्यावर आमच्या खिडकीच्या कठड्यावर येऊन बसते. खाण्याच्या गाड्यांच्या हॉकर सेंटरशेजारी मंडप घालून गाण्यांचा कार्यक्रम होता. जाई उसाचा रस आणायला गेली, आणि मला पहिली रांग पूर्ण रिकामी दिसली. आपल्याकडे पुढच्या खुर्च्या वडीलधाऱ्यांसाठी असतात, म्हणून मी ऐटीत जाऊन मधोमध बसले. गाणारी बाई माझ्याकडे पाहून गात होती, पण नजर माझ्यातून पलीकडे. एका म्हातारीनं येऊन माझ्या ओंजळीत एक संत्रं ठेवलं आणि हात जोडले. मग जाईनं ओढून उठवलं. ती रांग मेलेल्यांसाठी राखलेली असते.

हसू नकोस फार. घरी येऊन पुस्तक उघडलं तर शिवणीचा पहिला टाका सुटलेला होता. जुना दोरा, दुसरं काय.

कानाचं यंत्र दुरुस्त कर, म्हणजे फोनवर तरी भांडता येईल. तोवर ही माया पोस्टानेच पोचती करते.

तुझी,
शैला


पुणे
१३ ऑगस्ट २०१६

प्रिय वहिनीबाई,
(पायावर डोकं ठेवणार नाही, गुडघे धरतात.)

पत्र पोचलं. मेलेल्यांच्या रांगेत बसून संत्रं घेऊन आलीस, हे तुझ्याखेरीज कोणाला जमलं नसतं. यंत्र दुरुस्त केलं, पण फोनवर अजून नुसता वारा ऐकू येतो, म्हणून भांडण पत्रातच करू.

भाषणाचं टिपण काढते आहे. तीस वर्षं शिकवलं तेव्हा लक्षात न आलेली गोष्ट आता दिसते. ते लेखक गरिबीबद्दल बोलतच नाहीत. ते तवा दाखवतात, बुटाचा तळ दाखवतात, रविवारच्या सूपमध्ये काय नव्हतं ते दाखवतात. कामगाराला भांडायचं असतं पण समोर तोंडच नसतं. मुकादम म्हणतो वरून आलं, वरचे म्हणतात बाजाराकडून आलं. आणि बाजाराच्या तोंडात कोण मारणार? मग तो राग परत फिरतो आणि ज्याचा असतो त्याच्यावरच पडतो. मोर्चे, संप, लाठ्या यांवर सगळे लिहितात. पण यादी वाचणाऱ्या माणसावर, जो धड मालक नाही आणि मजूरही उरला नाही, त्याच्यावर आपल्या त्या नाव नसलेल्या लेखकानं लिहिलं. म्हणून मला ते पुस्तक हवं.

आपण ते केळं आणि पाव खात वाचलं हे आठवून लाज वाटते.

शेवटाबद्दल काय बोलावं हे ठरत नाही. काही जण म्हणतात ह्या कादंबऱ्या शेवटी खोटी आशा दाखवतात, काही म्हणतात काळोखात सोडून देतात. तू ती पानं उसवू नकोस. मी शेवटाशिवाय भागवीन.

प्रतापला सांग, आत्या विचारत होती. लहानपणी कोणाची पेन्सिल हरवली तरी ह्याला वाटायचं आपणच हरवली. त्याला एकतीस माणसांची कार्डं गोळा करायला लावणं म्हणजे काय, हे त्या कंपनीला कसं कळणार? त्याला गरम भात वाढ आणि समोर बसून राहा. प्रश्न विचारू नकोस. आपल्या घरातल्या पुरुषांना प्रश्न विचारला की ते आणखी आत जातात. माझा भाऊ तसाच होता, हे मी तुला काय सांगावं.

चि. जाईला गोड पापा. तिच्या ‘लाह’चं व्याकरण मला कळव.

दूर असले तरी तुझीच,
सुलेखा


तोआ पायोह
२० ऑगस्ट २०१६

प्रिय सुलेखा,
स. न. वि. वि.

आज विनोद सुचत नाही, रागावू नकोस.

टाके सुटत आहेत. मागच्या शनिवारी पाच मोजले, बुधवारी नऊ, आज बारा. दोरा कुजून तुटला तर टोकं पिंजलेली असतात. ही टोकं साफ कापलेली आहेत. तुकडे पुस्तकाजवळच पडतात, मी ते एका डबीत जपून ठेवते आहे, का ते माहीत नाही. जाईला विचारलं तर ती म्हणाली मी नाही, आणि मग हळूच म्हणाली की सातव्या महिन्यात घरात कोण कोण येतं ते आपल्याला दिसत नाही. तिला रागावले. पण रागावताना माझा आवाज मलाच बारीक वाटला.

काल टेबलाच्या खणात कात्री शोधत होते. खणात ती कार्डं होती. प्रतापनं ती ऑफिसात जमा केलेली नाहीत, घरी आणून ठेवली आहेत. एकतीस पट्ट्या नीट गुंडाळलेल्या, एकतीस चेहरे. पांढऱ्या पडद्यापुढे हसा म्हटल्यावर माणसं हसतात तसे हसणारे. काही आपल्याकडचे, काही चिनी, मलय, एक पिकलेल्या केसांचा फिलिपिनो. मी एकेक चेहरा पाहिला, तसं करू नये असं वाटूनसुद्धा. आणि सर्वांत वर बत्तिसावं कार्ड, सुलेखा. ते प्रतापचं स्वतःचं होतं.

महिनाअखेर त्याचंही नाव आहे. मग नोकरीचा पास रद्द, आणि तीस दिवसांत देश सोडायचा. हे मला त्याच्याकडून नाही, टेबलावरच्या पत्रावरून कळलं. अनघाला अजून सांगितलेलं दिसत नाही. तिचा फोन आला की तो हसून बोलतो, त्या कार्डांवरच्यासारखा.

तुझं ऐकून मी विचारलं काही नाही. भात वाढते आणि समोर बसते. तो जेवून उठतो आणि वारा घ्यायला जातो. मला वाटायचं खाली जातो. मंगळवारी पाहिलं, लिफ्टचा बाण वर दाखवत होता. आमची इमारत पंचवीस मजल्यांची आहे. वरच्या व्हरांड्यात त्याच्या ओळखीचं कोणी राहत नाही.

खाली रोज राख उडते. आज माझ्या उशीवर कागदी कॉलरचा एक न जळलेला तुकडा होता, बटणासकट.

काय करू ते कळव. तुला पोचेपर्यंत आठवडा जाईल हे लिहितानाही कळतंय, पण लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. हीही सिस्टरचीच सवय.

तुझ्या मायेवर विसंबून,
शैला


पुणे
२७ ऑगस्ट २०१६, दुपार

शैला,

नमस्कार-चमत्कार राहू देत. पत्र आत्ता हातात पडलं. हे पोस्टाने पाठवत नाही. खालच्या मजल्यावरच्या सविताला बोलावलं आहे, ती मोबाइलवर फोटो काढून तुला लगेच पाठवेल. वाचलंस की प्रतापजवळ जा आणि त्याला एकटं सोडू नकोस. आधी हे कर, मग पुढचं वाच.

मी ती पानं वाचली आहेत. अकरावीत असताना. तू तापाने पडली होतीस, पुस्तक माझ्याकडे होतं. टाके कापले आणि दोन पानं वाचली. एमिल मुकादम डबी घेऊन गावाबाहेरच्या पुलावर जातो. स्वतःचा बिल्ला त्यानं आधीच डबीत टाकलेला असतो, सगळ्यात वर. तो कठड्याला टेकतो, एवढ्यात व्हरांड्यात सिस्टरची पावलं वाजली आणि मी पुस्तक मिटलं. पुढे काय ते वाचायचं धाडस झालं नाही, पण न वाचताही कळलं. आत्महत्या म्हणजे तिच्या धर्मात महापाप. म्हणूनच तिनं शिवलं असणार.

मग मी ते पुन्हा शिवलं, घाईत, वाकडंतिकडं. दोरा तुझ्या युनिफॉर्मच्या दुमडीतून काढला, निळा. खुर्चीवर पडलेला तुझा स्कर्टच हाताशी होता. एवढी वर्षं हे तुला सांगितलं नाही. आज त्याची माफी मागत बसत नाही, वेळ नाही.

तुझ्या घरात ती पानं कोण उसवतंय हे मला इथून दिसतंय. त्याच्या खणात डबी आहे, डबीत सर्वांत वर त्याचा बिल्ला आहे, आणि पूल पंचविसाव्या मजल्यावर आहे. मी प्रश्न विचारू नकोस म्हटलं होतं ते चुकलं. विचार. आता विचार.

सुलेखा


तोआ पायोह
२९ ऑगस्ट २०१६

प्रिय सुलेखा,
स. न. वि. वि.

सगळे ठीक आहेत. शनिवारी सविताकडे निरोप पाठवला होता तो मिळाला असेलच. आता नीट लिहिते.

तुझ्या पत्राचा फोटो आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. प्रताप चारलाच बाहेर गेला होता. मी खण उघडला. कार्डं नव्हती. पुस्तकही नव्हतं. शिवणीचे उरलेले दोरे टेबलावर पडले होते, मी ते डबीत टाकले. अशा वेळी माणूस काय करील सांगता येत नाही. जाईला समोरच्या लिम आंटीकडे सोडलं आणि लिफ्टनं वर गेले. पंचविसाव्या मजल्याचा व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. एका दाराबाहेर पुरुषाच्या बुटांचा जोड होता. त्याच्याजवळ वाकून मी नंबर पाहिला. प्रतापचा नव्हता. मग कठड्यावरून खाली पाहिलं. सुलेखा, ते पाहणं मी तुला कधी सांगू शकणार नाही. खाली काहीच नव्हतं. फक्त मंडप आणि त्याचे दिवे लागत होते.

आणि तिथे, स्टेजसमोर उघड्यावरच्या पहिल्या रांगेत, एक माणूस बसलेला दिसला.

खाली कशी आले आठवत नाही. प्रताप लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत मधोमध बसला होता. दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर त्यानं कार्डं मांडली होती, एकेका खुर्चीवर तीन-चार, चेहरे स्टेजकडे. मागच्या रांगांत माणसं होती, पण कोणी त्याला उठवत नव्हतं. तीच म्हातारी प्रत्येक खुर्चीवर एकेक संत्रं ठेवत चालली होती. आठ वर्षं इथे राहिलेल्या माणसाला ती रांग कोणाची हे माहीत नसेल असं नाही. त्याच्या डाव्या हाताची खुर्ची तेवढी वेगळी होती. तिच्यावर फक्त पुस्तक.

मी तिथे बसू का विचारलं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला की ती जागा ठेवली आहे, कोणीतरी यायचं आहे. कोण म्हणून विचारलं, तर त्यानं पुस्तकातून एक जुनं चित्र काढून दिलं. शाळेत बक्षीस म्हणून मिळायची तसलं, संत जोसेफचं, हातात करवत घेतलेलं. ते शिवलेल्या पानांत होतं. मागे छापलेलं: आमचे वडील एमिल, गिरणीतले मुकादम, मृत्यू नोव्हेंबर १९३२, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि त्याखाली पेन्सिलीनं, सिस्टरच्या अक्षरात, इंग्रजीत. अर्थ असा, की तू कोण आहेस मला माहीत नाही, पण इथवर आली असशील तर हे घेऊन एकटी बसू नकोस. माझं दार वाजव.

तिनं पाप म्हणून शिवलं नव्हतं, सुलेखा. तिला ते उघडं सोसत नव्हतं.

प्रताप म्हणाला की पुस्तकात पुलावर शेवटपर्यंत कोणी येत नाही. आठही पानं तो एकटाच आहे. आणि मग हे चित्र. दार वाजव म्हणते, पण बाईला जाऊन तीस वर्षं झाली, दार कुठलं वाजवणार? वर जायला निघाला होता. मग त्याला वाटलं, मेलेली माणसं ह्या महिन्यात येतात आणि इथे बसतात, तर आधी इथे थोडं थांबून पाहावं.

मी पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि त्या खुर्चीत बसले. त्यानं अडवलं नाही. गाणं सुरू झालं. मी संत्रं सोललं आणि अर्धं त्याला दिलं. पितरांचं खावं की नाही कोण जाणे, पण म्हातारीनं पाहून मान हलवली. दुसऱ्या फोडीला तो रडायला लागला. मग मी विचारलं, तू सांगितलंस तसं. सरळ विचारलं, की वर कशाला जात होतास. त्यानं सरळ सांगितलं.

त्या रात्री अनघाला सगळं सांगितलं, ती काल पोचली. आज ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली आहे. तो पिकलेल्या केसांचा फिलिपिनो, त्याचं नाव रोडेल, काल स्वतः भेटायला आला. प्रतापनं फोन केला होता. दोघं बराच वेळ नुसते बसले होते. कार्डं आज ऑफिसात जमा होतील. आम्ही सगळे सप्टेंबरअखेर पुण्याला येतो.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. तू निळ्या दोऱ्यानं शिवलं म्हणतेस. डबीतले सगळे तुकडे मी उजेडात पाहिले. सगळे काळे आहेत आणि सगळे टाके सारखे होते. आणि प्रतापला मी विचारलं, तर तो म्हणाला की त्यानं सहाव्या टाक्यापासून कापले. पुस्तक त्यानं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पाच टाके उघडेच होते. जाईनं पुन्हा शपथ घेतली. मी पुढे विचारलं नाही.

महिना परवा संपतो. खिडकी उघडी ठेवली आहे.

तुझ्या एका पत्राची आयुष्यभराची ऋणी,
शैला


पुणे
८ सप्टेंबर २०१६

प्रिय शैला,
स. न. वि. वि.

ऋणाबिणाचं बोलू नकोस, मी फक्त उशिरा कबुली दिली. प्रतापचं पत्र वेगळं आलं, चार ओळींचं. त्यात त्यानं आत्याला पुरणपोळी मागितली आहे. चार ओळींपैकी ती ओळ मी पुन्हापुन्हा वाचली.

भाषण काल दिलं. टिपणातला शेवट फाडून टाकला. एवढंच म्हटलं, की त्या लेखकांनी पूल रिकामा ठेवला तो निराशेनं नव्हे. माणूस किती एकटा पडतो ते लिहून ठेवलं, म्हणजे वाचणाऱ्याला उठून जावंसं वाटावं. मंडळातल्या प्रबोध सरांनी याला आधार काय असं विचारलं. मी म्हटलं, घरचा आहे.

आता दोऱ्याचं. मी वाचलं तेव्हा त्या पानांत चित्र नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. म्हणजे माझे निळे टाके सिस्टरला दिसले. तिनं ते उसवले, चित्र आत ठेवलं आणि पुन्हा काळ्या दोऱ्यानं शिवलं, त्या मुलीसाठी, जी परत उघडील. आणि निळा दोरा कोणाचा हे तिनं शोधलं असणार. त्या आठवड्यात साऱ्या वर्गात दुमड उसवलेला स्कर्ट एकटीचाच होता, तुझा. म्हणून निरोपाच्या दिवशी तिनं पुस्तक तुला दिलं आणि मी वर्षभर जळत राहिले. ज्या मुलीनं कधी उघडलं नसतं तिच्या हातात तिनं ते ठेवलं, आणि जिनं उघडलं ती समोरून पाय न वाजवता जात राहिली.

आणखी एक आठवलं, ते लिहून हे पत्र बंद करते. तुझ्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, की सिस्टर संध्याकाळी दार सताड उघडं टाकून बसायची, उकाडा सोसत नाही म्हणून. मलाही तसंच आठवत होतं. काल जुन्या फोटोंची पेटी काढली. त्या व्हरांड्यातला आपला फोटो आहे, मागे सिस्टरचं उघडं दार, आत दिवा, आणि पुढे आपण दोघी, स्वेटर घालून, हात काखेत दाबून.

शैला, तो डिसेंबर होता.

पुस्तक हातात घेऊन ये, सामानात टाकू नकोस. कितीही उशिरा पोचलात तरी बेल दाबू नका, मला ती ऐकू येत नाही. दार उघडं ठेवते.

तुझी,
सुलेखा